सर क्रीकचा सीमावाद आणि मासेमारीविषयक करारांची नैतिकता : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
दोन राष्ट्रांमधील सागरी सीमा अनिर्णित असेल, तर त्या पाण्यात जाळे टाकणाऱ्या श्रमिकाचे रक्षण कोणी करावयाचे, हा प्रश्न कायद्याइतकाच नीतीचाही आहे. प्रस्तुत लेखात भारत-पाकिस्तान यांच्यातील सर क्रीक वादाच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
सर क्रीक ही कच्छ व सिंध यांमधील सुमारे ९६ कि.मी. लांबीची खाडी होय. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. कच्छ संस्थान व सिंध यांच्यातील हद्दीचा तंटा मुंबई सरकारने १९१४ च्या ठरावाने मिटविला. त्याच ठरावाच्या नकाशाच्या आधारे पाकिस्तान खाडीच्या पूर्व काठापर्यंत हक्क सांगतो, तर प्रवाहाची मध्यरेषा हीच सीमा, अशी भारताची भूमिका आहे. १९६८ च्या लवादाने कच्छच्या रणाचा निवाडा दिला. मात्र ही खाडी त्यातून वगळली गेली. परिणामी समुद्रातील सीमाही अनिश्चितच राहिली.

करार आणि श्रमिक :
बीडचा ऊसतोड मजूर ज्याप्रमाणे हंगामासाठी गाव सोडतो, त्याप्रमाणे पालघर जिल्ह्यातील अनेक आदिवासी व मच्छीमार गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट पकडली गेली की मालकाचे भांडवल बुडते; तुरुंगवास मात्र खलाशाच्या वाट्याला येतो. २००८ च्या करारान्वये उभय देश दरवर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी कैद्यांच्या याद्या परस्परांना देतात. शिक्षा पूर्ण होऊन राष्ट्रीयत्व निश्चित झाल्यावर एका महिन्यात मुक्तता करावी, असेही त्यात नमूद आहे. जानेवारी २०२५ च्या यादीनुसार पाकिस्तानात २१७ भारतीय, तर भारतात ८१ पाकिस्तानी मच्छीमार कैदेत होते. म्हणजेच करार अटकेनंतरचा आहे; अटक टाळणारा नाही.

केवळ सीमारेषा आखल्यानेही प्रश्न सुटत नाही. भारत-श्रीलंका यांच्यात १९७४ व १९७६ मध्ये सीमा निश्चित झाली, तरी पाल्कच्या सामुद्रधुनीतील अटकसत्र थांबले नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची उपजीविका त्या रेषेने दुभंगली.

निष्कर्ष :
१९८२ च्या सागरी कायद्याच्या करारातील कलम ७४ सीमानिश्चितीपूर्वी तात्पुरती व्यवस्था करण्यास सांगते. विशेष आर्थिक क्षेत्रातील मासेमारीच्या गुन्ह्यास, संबंधित राष्ट्रांत तसा करार नसल्यास, कैदेची शिक्षा नसावी, असे कलम ७३ सांगते. उभय देशांनी हा करार स्वीकारलेला आहे. सार्वभौमत्वाचा दावा न सोडताही या तरतुदी अमलात आणता येतात. राष्ट्रांनी न सोडविलेल्या वादाची किंमत खलाशाने तुरुंगात फेडावी, हे न्याय्य ठरत नाही.