मोबाईलचं उत्तर वेगळं, दुकानातल्या कॅल्क्युलेटरचं वेगळं! असं का होतं?

मागच्या आठवड्यात नळदुर्गच्या बाजारात १४० रुपयांचे शेंगदाणे आणि ३५ रुपयांचे ३ साबण घेतले. दुकानदार काकांनी साध्या कॅल्क्युलेटरवर १४० + ३५ × ३ दाबलं, ५२५ आले. मी तेच मोबाईलवर टाकलं, २४५ आले. बटणं तीच आणि फरक २८० रुपयांचा!

नेमकं काय झालं?

साधा कॅल्क्युलेटर जसं दाबाल तसं लगेच करत जातो. आधी १४० + ३५ = १७५, मग त्याला ३ ने गुणलं. मोबाईल मात्र पूर्ण ओळ वाचतो आणि गुणाकार आधी करतो. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये दोन्ही प्रकार आहेत: स्टँडर्ड मोडमध्ये ५२५, सायंटिफिक मोडमध्ये २४५. करून बघा.

कंचेभागुबेव आठवतंय?

कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. शाळेतला हाच क्रम मोबाईल पाळतो. पण यात एक गोची आहे. 'भा' आधी आला म्हणून भागाकार मोठा ठरत नाही. भागाकार-गुणाकाराचा मान सारखाच, डावीकडून जे आधी येईल ते आधी करायचं. म्हणून १०० ÷ ५ × २ = ४०, १० नाही. बेरीज-वजाबाकीचंही तसंच: १० − ३ + २ = ९.

मग ८ ÷ २(२+२) किती?

२०१९ मध्ये ट्विटरवर यावरून जोरदार भांडणं झाली. गुगल १६ सांगतं. कॅसिओचा एफएक्स-९९१ईएस प्लस १ सांगतो, कारण तो कंसाला चिकटलेला २ आधी गुणतो. चूक कुणाचीच नाही, लिहिणंच अर्धवट आहे. आयएसओ ८००००-२ हे आंतरराष्ट्रीय मानक तर ÷ हे चिन्ह वापरू नका असं सांगतं.

एक्सेलही फसवतं. =-२^२ लिहिलं तर ४ येतात, गणिताच्या पुस्तकात मात्र −४.

तुम्ही काय कराल?

* साध्या कॅल्क्युलेटरवर गुणाकार आधी दाबा: ३५ × ३ + १४०. दोन्हीकडे २४५ येतील.
* मोबाईल आणि एक्सेलमध्ये शंका आली की कंस टाका.
* बिल मोठं वाटलं तर तोंडी अंदाज घ्या.

काकांना मी उलट क्रमाने दाबून दाखवलं. ते हसले आणि २४५ च घेतले.