मुकादमाचा चेहरा

दिवाळी सरली की कशेळ्याच्या आसपासच्या कातकरी वाड्यांतील बिऱ्हाडे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, उचल राहिली. संघटनेच्या कामासाठी आम्ही भट्ट्यांवर हिंडत असू. मुकादम लांबून येताना दिसला की खेळणारी पोरे गप्प होत. एकदा सहा-सात वर्षांची एक मुलगी आईला हळूच म्हणाली, "आज चिडलाय तो." मुकादम अजून एक शब्दही बोलला नव्हता. चिडला म्हणजे खाडा धरणार आणि उचलीचा आकडा तसाच राहणार, एवढा हिशेब तिला ठाऊक होता. आम्ही तिच्या हुशारीचे कौतुक केले. ते कौतुक चुकले, हे पुष्कळ पुढे वाचनातून कळले.

चेहरा वाचणे मूल फार लवकर शिकते. दाईने रडण्याचे सोंग करताच आपल्या सहा महिन्यांच्या मुलाचा चेहरा उतरला, असे डार्विनने १८७२ च्या ग्रंथात नोंदविले आहे. १९८५ साली अमेरिकेत वर्षाच्या बाळांना खड्ड्यावर बसविलेल्या काचेपाशी ठेवले आणि पलीकडे आई उभी केली. आई हसरी असता १९ पैकी १४ बाळे काच ओलांडून गेली. तिने भ्यालेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेले नाही. येथवर हा सर्वच मुलांचा स्वभाव होय.

पण भीती रोजची झाली म्हणजे काय होते? विस्कॉन्सिन विद्यापीठातील सेथ पोलॅक यांनी २००२ साली अंधुक चित्रे हळूहळू स्पष्ट करीत मुलांना दाखविली. घरी मार खाल्लेल्या मुलांनी राग इतरांआधी ओळखला. मात्र दुसऱ्या एका प्रयोगात, संमिश्र भावांचे चेहरेही त्यांना रागाचेच वाटले. भट्टीवरची मुले आणि ही मुले एकच, असे आमचे म्हणणे नाही. शिवाय सगळीच भ्यालेली मुले रागीट चेहऱ्याकडे टक लावीत नाहीत. काही नजर फिरवितात. परंतु लक्ष ही मोजकी शिधा आहे. पहाऱ्यावर खर्च झाली की फळ्याला उरत नाही.

जूनमध्ये तीच मुलगी वर्गात गुरुजींच्या भुवया पाहत बसे. गुरुजी मायाळू होते, फक्त आवाज मोठा. त्यांनी आम्हांला सांगितले, "पोरगी मठ्ठ आहे हो, फळ्याकडे बघतच नाही."

ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने १९९० नंतरच्या दशकात भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालविल्या, त्या आमच्या मते योग्य जागी होत्या. आमच्या मागण्यांच्या यादीत तेव्हा दर होता, हजेरी होती, उचलीचा लेखी हिशेब होता. पोरांविषयी एक ओळही नव्हती.