फुफ्फुसातल्या रक्ताची वाट आणि इब्न अल-नफीस

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१मध्ये, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले होते : ऑक्सिजन ९४च्या खाली गेला तर पालथे झोपा. उशा एवढेच साहित्य. डहाणूतल्या रानशेतपासून मुंबईच्या चाळीपर्यंत कुठेही करता येणारा हा उपाय. इस्पितळाला तो पर्याय नव्हता, पण खाट मिळेपर्यंतचा आधार होता. त्यामागच्या ज्ञानाची एक जुनी कडी तेराव्या शतकातल्या एका मुस्लिम हकिमापाशी आहे.

ग्रीक वैद्य गॅलन म्हणे, हृदयाच्या मधल्या पडद्यात अदृश्य छिद्रे असतात. त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपते. हजार वर्षे हेच शिकवले गेले. दमास्कसमध्ये वैद्यक शिकलेल्या इब्न अल-नफीसने १२४२मध्ये, ऐन तिशीच्या आत, इब्न सीनाच्या ‘अल-कानून’मधील शरीररचनेवर भाष्य लिहिले. त्यात त्याने स्पष्ट सांगितले : पडदा घट्ट आहे, छिद्रे नाहीत. रक्त उजव्या कप्प्यातून फुफ्फुसात जाते, तिथे हवेशी मिसळते आणि डाव्या कप्प्यात येते. हा माणूस शाफई फिकहचाही जाणकार होता. गॅलन आणि इब्न सीना दोघांनाही तो मानत होता, तरी त्यांची चूक दाखवताना कचरला नाही.

युरोपात हीच गोष्ट सोळाव्या शतकात सर्व्हेटस आणि कोलंबो यांनी मांडली. १६२८मध्ये हार्वेने संपूर्ण रक्ताभिसरण सिद्ध केले. इब्न अल-नफीसचे हस्तलिखित मात्र बर्लिनच्या ग्रंथालयात पडून होते. १९२४मध्ये अल-ततावी या इजिप्शियन डॉक्टरने ते उजेडात आणले.

वाट कळली, पण त्या वाटेवर रक्त सगळीकडे सारखे पोचते का? १९६०च्या सुमारास लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळात जॉन वेस्ट आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी ऑक्सिजन वापरून हे मोजले. बसलेल्या माणसाच्या फुफ्फुसात तळाशी रक्त भरपूर, शेंड्याला अगदी कमी. कारण सोपे आहे. फुफ्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब पाऱ्याच्या जेमतेम १५ मिलिमीटर असतो. महाधमनीत तो शंभराच्या आसपास. एवढ्या कमी दाबाने सुमारे ३० सेंटिमीटर उंचीच्या फुफ्फुसात रक्त वर चढवायचे, म्हणजे गुरुत्वाकर्षणाशी झुंजच.

लढाऊ विमान वेगाने वळते तेव्हा वैमानिकाचे वजन जणू चार-पाच पट होते. रक्त खाली ओढले जाते, फुफ्फुसाचा वरचा भाग कोरडा पडतो. तिथे हवा पोचते, पण ती घ्यायला रक्त नसते. उलट अंतराळात, वजनरहित अवस्थेत, रक्ताची वाटणी बरीच समान होते. पण पूर्ण समान नाही! म्हणजे रक्तवाहिन्यांची रचनाही वाटणी ठरवते.

पालथे झोपण्याचे गमक इथेच आहे. उताणे असताना हृदय आणि पोटाच्या भाराने फुफ्फुसाचा पाठीकडचा भाग दबतो. रक्त तिथे जाते, हवा पोचत नाही. पालथे झाल्यावर तो भाग उघडतो, आणि रक्त सगळे पुढे ओघळत नाही. पाठीकडेही वाहत राहते. हवा आणि रक्ताची गाठ पडते.

‘हे आमच्या पूर्वजांनी आधीच शोधले’ असे आपण जलशांतून अभिमानाने सांगतो. अभिमान रास्तच आहे. पण इब्न अल-नफीसने उस्तादांचे ग्रंथ नुसते मिरवले नाहीत. ते तपासले, खोडले, पुढे नेले. आपल्या मदरशांत आणि शाळांत मुलाने पुस्तकातली चूक दाखवली, तर आपण त्याला शाबासकी देतो की गप्प बसवतो?