मेंदूचे पुनःशिक्षण : एक शतक आणि एक भारतीय चाचणी

प्रौढ मेंदूतील चेतामार्ग कायमचे ठरून गेलेले असतात. तेथे जे नष्ट होते ते पुन्हा उगवत नाही, असा निष्कर्ष स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी 1913-14 च्या सुमारास मांडला. हा कठोर निवाडा जमल्यास भावी विज्ञानाने बदलावा, अशी अपेक्षाही त्यांनीच नोंदवली होती. वैद्यकाने निवाडा दीर्घकाळ लक्षात ठेवला. अपेक्षा मात्र मागे पडली.

दुसऱ्या महायुद्धात अलेक्सांद्र लुरिया यांनी उरल भागातील रुग्णालयात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर काम केले. बोलणे, वाचणे, लिहिणे ही कार्ये मेंदूच्या एकाच बिंदूत वसत नाहीत, अनेक भागांच्या सहकार्यातून ती घडतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. साखळीतील एक दुवा तुटला, तर उरलेल्या दुव्यांच्या आधारे तेच कार्य वेगळ्या रीतीने उभारता येते. पुनर्वसनाला येथे सैद्धांतिक पाया मिळाला.

पुढे अमेरिकेत एडवर्ड टाऊब यांनी माकडांवरील प्रयोगांतून आणखी एक गोष्ट दाखवली. इजेनंतर हात सुरुवातीला साथ देत नाही, म्हणून प्राणी तो वापरणेच सोडतो आणि ही न वापरण्याची सवयच पुढे पक्की होते. यातून निघालेल्या उपचारात रुग्णाच्या निरोगी हाताला जाड मोजा घालून दुर्बल हाताकडून कसून काम करवून घेतात. 222 रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत (2006) त्याचा लाभ दिसला. त्याआधी, 1996 मध्ये, रँडॉल्फ नूडो यांनी माकडांत दाखवले होते की सरावाअभावी इजेभोवतीच्या निरोगी भागातूनही हाताचा नकाशा आक्रसतो. सरावाने तो टिकतो.

म्हणजे सराव हेच औषध. पण ते देणार कोण? भारतात प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत आणि पक्षाघाताचा रुग्ण बहुधा घरच्यांच्या हाती सोपवला जातो. मग घरच्यांनाच शिकवले तर? या प्रश्नासाठी देशातील 14 रुग्णालयांत 1250 रुग्णांवर ‘अटेंड’ चाचणी झाली. तिचा निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. सहा महिन्यांनी मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, 47 टक्के होते.

हा निकाल सरावाला निरुपयोगी ठरवत नाही आणि कुटुंबाच्या मायेलाही उणे लेखत नाही. औषधाप्रमाणे सरावालाही मात्रा असते, ती देणारे शिकलेले हात लागतात आणि हे ओझे केवळ नातलगांवर टाकून भागत नाही, एवढेच तो सुचवतो. चाचणीच्या संशोधकांनीही पुढचा शोध आरोग्य-सहाय्यक व वस्तीपातळीवरील पथकांच्या दिशेने घ्यावा, असे सुचवले. काहाल यांचा निवाडा प्रयोगशाळेने सैल केला आहे; त्याचा लाभ गावातल्या रुग्णापर्यंत पोहोचवणे हे आता आरोग्यव्यवस्थेचे काम आहे.