छातीवरचे नाव : गिरणगाव आणि टी-शर्ट

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली. १८५४ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. पुढची सव्वाशे वर्षे परळ, लालबाग, काळाचौकी, वरळी या पट्ट्याने, म्हणजे गिरणगावाने, देशाला धोतरे, साड्या, मांजरपाट, लठ्ठा आणि शर्टिंग पुरवले. हे सगळे साच्यावरचे कापड. साचा म्हणजे गिरणी कामगाराच्या बोलीतला माग, उभ्या धाग्यांतून आडवा धागा नेणारा. टी-शर्टच्या कापडाची जात वेगळी. त्यात एकाच धाग्याच्या कड्या एकमेकींत अडकवत जातात, म्हणून ते ताणले जाते आणि सोडले की पुन्हा अंगाला बसते. मराठीत दोन्हींना आपण ‘विणणे’ म्हणतो, पण यंत्रे निराळी, कसब निराळे आणि गावेही निराळी. हे होजिअरीचे काम कोलकाता, लुधियाना आणि तिरुप्पूर येथे वाढले. म्हणजे टी-शर्ट हे काही गिरणगावच्या साच्यांचे अपत्य नव्हे. असे असूनही आज लालबाग-परळच्या गल्ल्यांत सणासुदीला जागोजागी दिसणारा पोशाख टी-शर्ट आहे. याला केवळ फॅशन कारण आहे असे मला वाटत नाही. अंगावरच्या कपड्यावरून माणसाची जन्माची ओळख वाचण्याची आपली जुनी सवय या साध्या कपड्याने मोडायला घेतली आणि स्वतः निवडलेली ओळख छातीवर लिहिण्याची जागा दिली. गिरणगावाला त्या जागेची गरज होती.

टी-शर्ट हा परका कपडा आहे, हा पहिला आक्षेप. त्याचा शिवलेला, ठरीव आकार पश्चिमेकडून आला हे खरे. अमेरिकी नौदलाने १९१३ च्या सुमारास तो गणवेशाखाली घालायला दिला, आणि दुसऱ्या महायुद्धात तो लाखो सैनिकांच्या अंगावर गेला. १९४२ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर हवाई दलाच्या ‘गनरी स्कूल’चे नाव छातीवर छापलेला टी-शर्ट घातलेला सैनिक झळकला. १९५१ च्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ या चित्रपटात मार्लन ब्रँडोने श्रमिक वर्गातल्या माणसाच्या भूमिकेत तो वरचा कपडा म्हणून घातला आणि आत दडवायची वस्तू उघडपणे मिरवायची झाली. पण शब्दांचा माग काढला तर रस्ता मुंबईच्या बाजूलाही वळतो. ‘बनियन’ हा शब्द गुजराती वाण्यांच्या नावावरून पोर्तुगीज आणि इंग्रजांच्या तोंडी गेला. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात तो मुळात हिंदूंच्या अंगातल्या कपड्यासारख्या मलमलीच्या आतल्या सदऱ्याचे नाव म्हणून नोंदला आहे आणि आता ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कपड्यालाही तो लावतात, असे तिथे म्हटले आहे. उलट आपली ‘गंजी’ आणि ‘गंजीफ्रॉक’ इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटाच्या नावावरून आले. एक शब्द इथून तिकडे गेला, दुसरा तिकडून इथे आला. ज्याची नावेच अशी समुद्र ओलांडून फिरली, त्या कपड्याला परका ठरवून इतिहास समजत नाही.

गिरणगावात हा कपडा आधी आला तो गंजीच्या रूपाने, घामासाठी. सूत तुटू नये म्हणून साचेखात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवावी लागे, वर यंत्रांची उष्णता. अशा जागी आठ-दहा तास उभ्याने काम करणाऱ्याला अंगावर कमीत कमी कपडा हवा. रस्त्यावर मात्र गंजी चालत नसे. तिथे सदरा, कोट, टोपी, पागोटे लागे, आणि पागोटे कसे बांधले आहे यावरून जात, प्रांत, धंदा ओळखला जाई. गंजीत ही खूण नव्हती. मग आत समता होती का? नव्हती, आणि इथे कपड्याचे कौतुक करणाऱ्याने थांबून विचार केला पाहिजे. साचेखात्यात आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. विटाळाच्या त्या निमित्ताने अस्पृश्य मानलेल्या कामगारांना या जास्त मजुरीच्या खात्यात घेत नसत. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न ठामपणे मांडला. गंजी सगळ्यांची सारखी असूनही भेद टिकला होता. सारखा कपडा आपोआप समता आणत नाही. तो फक्त भेद दाखवण्याचे एक साधन काढून घेतो. पण ते साधन काढून घेणे क्षुल्लक नव्हते. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी, जात सांगणारी पद्धत सोडायला सांगितले, ते कपडा हे बंधनाचे हत्यार होते म्हणूनच.

गंजी छापील टी-शर्ट होऊन रस्त्यावर आली त्याला गिरणगावचे सार्वजनिक जीवन कारण झाले. एकसारख्या पोशाखाची चाल इथे जुनी. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून गणेशोत्सव आहे आणि त्या काळच्या मेळ्यांतली मुले एकसारखे कपडे घालून पदे म्हणत. लालबागच्या गणेश गल्लीचे मंडळ १९२८ चे, लालबागच्या राजाचे १९३४ चे. या मंडळांना बळ दिले ते कामगार वस्तीने. त्या काळी माणसाची ओळख गिरणीचे नाव, खाते आणि पाळी यांनी ठरे. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना ती ओळख परत मिळाली नाही. हजेरीपटावरचे नाव गेले. चाळीचे, गल्लीचे, मंडळाचे, गोविंदा पथकाचे नाव राहिले. याच दशकात तिरुप्पूरची निर्यात वाढत गेली, होजिअरीचा कपडा स्वस्त झाला आणि पडद्यावरची छपाई (स्क्रीन प्रिंटिंग) गल्लीच्या आवाक्यात आली. गरज आणि सोय एकत्र आल्या. दहीहंडीत तर टी-शर्टला कामाचा उपयोगही आहे. खांद्यावर खांदा चढतो तेव्हा ताणले जाणारे कापड हालचालीला अडवत नाही, आणि पाण्याच्या माऱ्यात, हजारोंच्या गर्दीत एका रंगामुळे आपला थर आपल्याला ओळखता येतो. ज्याच्या वडिलांच्या खिशात गिरणीचा पास होता, त्याच्या छातीवर पथकाचे नाव आले.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की ती छाती आता विकली गेली आहे. पथकाच्या नावापेक्षा पुढाऱ्याचा चेहरा मोठा आणि पाठीवर जाहिरातदारांची रांग. आक्षेप खरा आहे. गिरणीच्या पगारातून दिलेली वर्गणी संपली, तेव्हा शेदोनशे मुलांच्या कपड्यांचा, प्रवासाचा, जेवणाचा खर्च कुठून तरी येणारच होता. पण यावरून टी-शर्ट फुकट गेलेला फलक आहे असे ठरत नाही. पुढारी दर निवडणुकीला बदलतो, पथक तेच राहते आणि थर लावणारा पोरगा सराव आपल्याच मैदानात करतो. दुसरा पुरावा दादरला दिसतो. बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणाऱ्या गर्दीत बाबासाहेबांचे चित्र असलेले टी-शर्ट घातलेली तरुण मुले-मुली असतात. ते कोणा पुढाऱ्याने वाटावे लागत नाहीत. शिवाजी पार्कच्या बाजूला पुस्तकांच्या दुकानांशेजारी ते स्वतःच्या पैशाने घेतले जातात. जवळच इंडिया युनायटेड मिल क्रमांक ६, म्हणजे इंदू मिलची जमीन आहे, जिथे बाबासाहेबांचे स्मारक उभे राहत आहे. ज्यांना साचेखात्याचे दार बंद होते, त्यांचे वारस आपल्या निवडीचे नाव छातीवर घेऊन एका गिरणीच्या जागेजवळून चालतात. या कपड्याची खरी किंमत इथे कळते.

परंपरेचा पोशाख यामुळे मागे पडतो, ही तक्रारही विचारात घेतली पाहिजे. पण गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी, नथ आणि फेटे दिमाखात असतात आणि तीच मुले दहीहंडीला टी-शर्ट घालतात. एक कपडा वारसा सांगतो, दुसरा सोबत सांगतो. टी-शर्टने फेट्याला हटवले नाही. त्याने पूर्वी सक्तीची असलेली रोजची जातखूण हटवायला हातभार लावला आणि फेटा सणाला आनंदाने बांधायचा झाला.

एक उणीव मात्र टी-शर्टच्या पोटात आहे. गिरणीच्या ताग्यावर गिरणीचे नाव असे आणि तो तागा विणणारा आपल्याच चाळीत राहत असे. आजचा टी-शर्ट कुणी शिवला हे घालणाऱ्याला ठाऊक नसते. पुष्कळदा तो सुताचाही नसतो, पॉलिस्टरचा असतो. १९०५ मध्ये सुरू झालेल्या फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा आहे. तिथे टी-शर्ट विकत मिळतो, पण श्रमाचा चेहरा दिसत नाही. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या जागेवर वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याचे काम महापालिकेने हाती घेतले आहे. त्यात साचा असेल, धोटा असेल, भोंगाही असेल. त्यांच्या शेजारी एका कामगाराची घामाने विरलेली गंजी आणि एखाद्या गोविंदा पथकाचा टी-शर्टही ठेवावा. गिरणगावच्या माणसाने काय विणले हे साचा सांगेल. गिरणी गेल्यावर तो कशाच्या आधाराने उभा राहिला, हे त्या टी-शर्टवर लिहिलेले असेल.