इनामगावची दफने आणि पावलांचे वय : एक विचार

मानवी चालीचा अभ्यास सामान्यतः शरीरशास्त्राच्या कक्षेत येतो. तथापि एखाद्या समाजाने माणसाला वयाच्या कोणत्या टप्प्यावर ‘चालता’ मानले, हा प्रश्न इतिहासाचाही आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठच्या इनामगावची ताम्रपाषाणयुगीन दफने या दृष्टीने महत्त्वाची ठरतात.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर व अन्सारी ही त्यातील प्रमुख नावे होत. जोर्वे संस्कृतीचे लोक मृतांना घराच्या जमिनीखालीच पुरत. बालकांसाठी दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवले जात. प्रौढांना उताणे निजवीत. पण त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळतात. मृताने घर सोडून जाऊ नये किंवा भूत होऊन भटकू नये, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. ते पटण्यासारखे असले तरी अनुमानच आहे.

शरीरशास्त्र याबाबत काय सांगते? मूल साधारण वर्षाचे झाल्यावर चालू लागते. तेव्हा तळवा सपाट असतो, पावले फाकलेली पडतात आणि भार संपूर्ण तळव्यावर येतो. पुढे तळव्याची कमान घडत जाते. सातव्या वर्षाच्या सुमारास टाचेकडून बोटांकडे भार नेणारी प्रौढ चाल बहुतांशी स्थिरावते. उतारवयात पावले आखूड पडतात, टाचेखालील मेदाची लवचीकता घटते. भीती केवळ मृताच्या चालण्याची असती, तर धावत्या मुलाचे पायही तोडावयास हवे होते. विधीची सीमारेषा चालण्याच्या क्षमतेवर होती की सामाजिक प्रौढत्वावर, हे ठरविण्यासाठी दातांवरून काढलेले वय व पावलांची स्थिती यांची दफनागणिक सांगड घालावी लागेल.

एक अपवाद मात्र विसरता येत नाही. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसविलेल्या पुरुषाची पावले शाबूत होती. तो गावचा प्रमुख असावा, असे मानतात. मग त्याच्या जाण्याची भीती नव्हती काय? भुताच्या उपपत्तीला येथे अडचण येते, आणि प्रतिष्ठेचा विचार अपरिहार्य होतो.

या विधीमुळे अभ्यासकांचे नुकसानही झाले आहे. ज्या प्रौढांच्या कमानीवरून व टाचेच्या हाडावरून आयुष्यभराचा भार वाचता आला असता, नेमकी त्यांचीच पावले दफनात नाहीत. त्यामुळे मांडीचे व नडगीचे हाड, आणि उकिडवे बसण्याच्या सवयीने नडगीच्या खालच्या टोकाशी उमटणाऱ्या खुणा, एवढ्यावरच भिस्त ठेवावी लागते.