विजेरीचा कंदील : अंधाऱ्या घरातील ज्योतीविना दिवा

वीज गेली की घरात पहिली धावपळ होते ती विजेरीसाठी. ती सापडते, पेटतेही. परंतु तिचा झोत समोरच्या भिंतीवर एक लख्ख वर्तुळ उमटवितो आणि उरलेली खोली अधिकच काळोखी भासू लागते. शिवाय ती धरण्यात एक हात कायमचा गुंततो. अखेर कंटाळून मेणबत्ती लावली जाते. ती पडद्याजवळ, लहान मुलांच्या हाताशी किंवा अंथरुणालगत ठेवली जाते आणि धोक्याला तेथूनच आरंभ होतो.

हा धोका किरकोळ नाही. श्रीलंकेतील शल्यचिकित्सक डॉ. विजय गोडकुंबुरा यांनी रॉकेलच्या चिमण्या कलंडून होरपळलेल्या रुग्णांवर उपचार केले आणि पुढे सहजी न कलंडणारी, बसक्या बाटलीची, फिरकीच्या झाकणाची चिमणी तयार केली. या कार्यासाठी त्यांना १९९८ साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. त्यांनी ज्योत सुरक्षित केली. ज्या घरात विजेरी आहे तेथे ज्योतीची गरजच टाळता येते. त्यासाठी विजेरीचा प्रकाश पसरविता आला पाहिजे.

विजेरीतील दिव्यामागे चकचकीत, अन्वस्ताकार परावर्तक असतो. दिव्यातून चहूकडे जाणारे किरण तो एका दिशेला वळवितो. दूरची वाट पाहण्यासाठी हे योग्यच. पण खोलीत बसलेल्या माणसांना तो प्रकाश पुन्हा सर्व दिशांना विखुरलेला हवा असतो. प्रकाश पुरेसा असतो का, याचा हिशेब सोपा आहे. एक मेणबत्ती सर्व बाजूंना मिळून सुमारे १२ ल्युमेन प्रकाश देते. एखादी साधी एलईडी विजेरी ६० ल्युमेनची असेल आणि पसरविताना त्यातला निम्मा वाया गेला, तरी अडीच मेणबत्त्यांइतका उजेड उरतो. त्यात जेवण होते, औषधाची बाटली ओळखता येते, जिना उतरता येतो. बारीक टाइपाचे वाचन मात्र दिव्याजवळ बसूनच करावे लागते, कारण अंतर दुप्पट झाले की उजेड एकचतुर्थांश होतो.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे स्टीलच्या पेल्यात विजेरी तोंड वर करून उभी करणे. पांढऱ्या छतावर आदळलेला प्रकाश खोलीभर उतरतो. तीच विजेरी दोन पांढऱ्या भिंतींच्या कोपऱ्यात ठेवली तर भिंतींचाही हातभार लागतो. जुन्या वाड्यांतील चुन्याने सारवलेल्या देवळीत पणती जास्त उजळ का वाटे, याचे कारण हेच. छत कौलारू किंवा काळवंडलेले असेल तर हा उपाय जवळपास निरुपयोगी ठरतो.

अशा वेळी पाण्याची बाटली कामी येते. पेला विजेरीपेक्षा किंचित उंच घ्यावा आणि त्याच्या काठावर पाण्याने भरलेली, लेबल काढलेली, पारदर्शक बाटली नीट टेकवावी. मोबाइलची विजेरी वापरायची असल्यास फोन पालथा ठेवून त्याच्या दिव्यावर बाटली उभी करावी. झाकण घट्ट लावणे आणि बूड कोरडे पुसणे आवश्यक, नाहीतर उजेडाच्या नादात फोन गमवावा लागेल. नितळ पाण्यातून बराचसा प्रकाश सरळ वर निघून जातो. बाटलीची वळणे व खाचा त्याला थोडाच बाजूला वळवितात. खरी किमया दुधाच्या थेंबांची. लिटरभर पाण्यात तीन-चार थेंब टाकून हलविले की पाण्यात तरंगणारे स्निग्ध पदार्थांचे व प्रथिनांचे सूक्ष्म कण प्रकाश सर्व बाजूंना विखुरतात आणि संपूर्ण बाटली मंद उजळते. याच घटनेला टिंडाल परिणाम म्हणतात. बारकाईने पाहिल्यास बाटलीची बाजू निळसर आणि झोताच्या दूरच्या टोकाचा प्रकाश तांबूस दिसतो. दूध बेताने, थेंबाथेंबानेच घालावे. जास्त झाले तर केवळ तळाची दोन बोटे उजळतात आणि वरची बाटली अंधारी राहते. हे पाणी दुसऱ्या दिवशी फेकून द्यावे, ते नासते.

दूध वाया घालवायचे नसेल त्यांच्यासाठी दह्याचा पांढरा, अर्धपारदर्शक डबा आहे; तो विजेरीवर उपडा घालावा. बटर पेपरचे नळकांडेही चालते. दिवाळीचा आकाशकंदील करणाऱ्या घरांना हे तत्त्व नव्याने सांगावे लागत नाही : कामट्यांवर चिकटविलेला पातळ कागद आतल्या दिव्याची झळझळ शोषतो आणि स्वतः उजळतो. माळ्यावर ठेवलेला पांढरा आकाशकंदील वीज गेल्यावर खाली काढून त्यात विजेरी ठेवली, तर त्याहून चांगला दिवा घरात दुसरा नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. जुन्या तंतूच्या बल्बच्या आणि जास्त क्षमतेच्या एलईडी विजेऱ्या तोंडाशी बऱ्याच तापतात. त्यांच्या काचेला कागद, कापड किंवा प्लॅस्टिक चिकटू देऊ नये. मध्ये चार बोटांचे अंतर असावे. मंद प्रकाशाची सोय असल्यास तीच वापरावी. पसरलेल्या उजेडाला डोळे लवकर सरावतात आणि सेलही अधिक टिकतात.

टिकण्याचा प्रश्न दुय्यम नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबईच्या अनेक उपनगरांत वीज खंडित झाली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळल्यानंतर रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील अनेक गावांत वीज परतण्यास कित्येक दिवस लागले. अशा वेळी मोबाइलचा चार्ज संपर्कासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे. कंदिलाचे काम स्वतंत्र विजेरीवरच सोपवावे. नेमकी हीच विजेरी ऐनवेळी दगा देते, कारण आतले सेल महिनोन्‌महिने पडून पाझरलेले आणि स्प्रिंग गंजलेली असते. सेल बाहेर काढून, रबराने विजेरीलाच बांधून ठेवले तर ते खराबही होत नाहीत आणि अंधारात शोधावेही लागत नाहीत.